हत्तीबाईंचं वर्ष

आमच्या घरात मनुका एकाच कामासाठी यायच्या. तीन महिन्यांतून एकदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि प्याल्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी, माय त्या कल्हई केलेल्या पातेल्यात भिजत घालायची, वर ताट झाकायची आणि आमचे हात तिथवर पोचू नयेत म्हणून ताटावर वरवंटा ठेवायची. रविवारी सकाळी अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन ती त्या हातानं कुस्करायची, धुवट फडक्यातून गाळायची, आणि जो काळपट तांबडा रस निघायचा तो अप्पा चर्चमध्ये घेऊन जायचे. फडक्यात राहिलेल्या चोथ्याचं काय करायचं हा प्रश्न दर वेळी असायचा. उकिरड्यावर टाकता येत नव्हता, कारण तो प्रभूचा. खाताही येत नव्हता, कारण त्यावर प्रार्थना झाली नव्हती. शेवटी माय तो माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, योनाच्या, तळहातावर ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. तिला दिसलं नाही म्हणजे आम्ही खाल्लं नाही, अशी ती सोय होती.

अप्पा पाळक होते. भालकीपासून दोन कोसांवर, उदगीरच्या रस्त्याला लागून मिशनचं कंपाउंड होतं. मधोमध गोऱ्या मिशनरी साहेबांचा चुन्यानं पांढरा केलेला बंगला, एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला दवाखाना, बाभळींच्या रांगेपलीकडं चर्च आणि चर्चच्या पाठीशी आमच्या दोन खोल्या. रझाकारांचे दिवस संपून नवं सरकार आलं होतं, पण माझ्या कानांत त्या काळातलं सरकार नाही. कानांत आहे तो चर्चपुढच्या लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पडणारा हातोडा, गावातल्या मशिदीतली बांग, बाजाराच्या दिवशी पहाटे रस्त्यानं जाणाऱ्या बैलांच्या घुंगरमाळा, आणि वारा इकडचा असला की ऐकू येणारी भालकीच्या गाडीची शिट्टी. अप्पा उपदेश मराठीत करायचे, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यांशी कानडीत बोलायचे, ठाण्यावर गेले की दखनी उर्दूत. प्रार्थना मात्र ते मराठीतच करायचे. बहुतेक देवाला तीच येते असं मला वाटायचं. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार. सणाला, म्हणजे नाताळला, गव्हाची गोड हुग्गी. ती खाताना माय सांगायची, कुणाच्या घरची हुग्गी खायची आणि कुणाच्या घरची नाही.

हे आता स्पष्ट लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आमचे आजे-पणजे महारवाड्यातले. ओढ्याच्या पलीकडं मांगवाडा होता. दोन्हींकडची माणसं ख्रिस्ती झाली होती, एकाच टाक्यात बाप्तिस्मा घेऊन झाली होती, पण चर्चमध्ये डाव्या हाताच्या चटया आमच्या होत्या आणि उजव्या हाताच्या, दाराजवळच्या, त्यांच्या. तसं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. लहान मूल रांगत त्या बाजूला गेलं तर कुणीतरी उठून त्याला आणायचं, इतकंच. प्रभुभोजनालाही असंच. साहेब भाकर द्यायचे, अप्पा प्याला धरायचे. प्याल्याला आधी साहेबांचे ओठ लागायचे, मग त्यांच्या मडमचे, मग अप्पांचे, मग आमच्या चटयांचे, आणि सगळ्यांत शेवटी ओढ्यापलीकडच्यांचे. शेवटचे लोक पीत असताना आमची माणसं डोळे मिटून प्रार्थना करत. मी लहान होते, मला ती भक्ती वाटायची.

अप्पांचं सगळं आयुष्य त्या प्याल्याशी बांधलेलं होतं. पोरवयात ते एका देशमुखाची गुरं राखायचे. तहान लागली की आडाजवळ ओंजळ धरून बसायचं, कुणी वरून पाणी ओतलं तर प्यायचं. एकदा गुरं हुकली म्हणून ते हिंडत हिंडत मिशनच्या जत्रेत पोचले, आणि तिथं एका गोऱ्या माणसानं स्वतः एक घोट घेऊन तोच प्याला त्यांच्यापुढं धरला. अप्पा हे सांगताना दर वेळी थांबायचे. बायबल त्यांनी नंतर वाचलं, पाप-पुण्य नंतर कळलं. ख्रिस्ती ते त्या घोटानं झाले. आमच्या चटयांची आणि त्यांच्या चटयांची गोष्ट त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण शेवटी प्याला एक आहे, ते म्हणायचे, पुढं-मागं का होईना एक आहे. बाकीचं हळूहळू होईल.

मी बारा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात बंगल्यावरून निरोप आला की अमेरिकेहून नवी मिसबाई येणार. नर्स आहे, दवाखाना बघणार. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, उत्साहाला उधाण आलं. दावीदअण्णा म्हणून आमच्याकडचे एक पंच होते, उंच, पिळदार मिशांचे, मंडळीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी आंब्याच्या पानांची तोरणं बांधून घेतली, झेंडूचे हार करवले, आणि आम्ही वीस-पंचवीस जण भालकी स्टेशनावर जाऊन उभे राहिलो. साहेब जीप घेऊन आले होते. गाडी आली, दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून एक बाई उतरली. निळा झगा, डोक्याला टोपी, हातात चामड्याची पेटी, आणि रंगानं ती आमच्याकडच्या झाडूवाल्या सखूबाईपेक्षाही काळी. दावीदअण्णा हार धरून तिच्या मागं बघत राहिले. मिसबाई अजून उतरायच्या आहेत, ही त्यांची आया असेल, असं त्यांना वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. साहेब पुढं झाले, त्यांनी तिच्याशी हात मिळवला, तेव्हा कुठं अण्णांनी हार घातला, पण तो घालताना त्यांचे हात तिच्या अंगाला लागणार नाहीत इतके लांब होते. परतताना बैलगाडीत ते म्हणाले, निजामाच्या फौजेत असले हबशी हैदराबादला त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. अमेरिकेत पण हबशी असतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं नाव हॅटी होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत पोरांनी त्याचं हत्ती केलं आणि ती हत्तीबाई झाली. अंगानं ती काडीसारखी होती, म्हणून नाव जास्तच चिकटलं. अर्थ कळला तेव्हा ती स्वतःच इतकी हसली की पोरांची चिडवण्यातली मजा गेली. नव्या मिसबाईंसाठी बंगल्यातली पूर्वेची खोली आधीच झाडून, पडदे लावून ठेवली होती. मायनंच ती सारवायला माणसं लावली होती. पण हत्तीबाईंचं सामान दवाखान्यामागच्या खोलीत उतरवलं गेलं, जिथं आधी पेंड आणि रॉकेलचे डबे असायचे. मडम म्हणाल्या की रोग्यांच्या जवळ राहणं बरं. पुढं महिन्याभरात हैदराबादहून एक गोरं जोडपं हवापालटाला आलं, ते पूर्वेच्या खोलीत पंधरा दिवस राहिलं.   हत्तीबाईंनी आपल्या खोलीला स्वतः चुना दिला आणि दारापुढं टोमॅटो लावले.

मला साहेबांनी त्यांच्याकडं रोज तासभर पाठवलं, मराठी बोलायचा सराव म्हणून. थंड हवेच्या गावी भाषेच्या शाळेत त्या पुस्तकी मराठी शिकून आल्या होत्या. सखूबाईला त्या ‘आपण बसावे’ म्हणायच्या, आणि सखूबाई मागं वळून बघायची की कुणाला म्हणतायत. ही सखूबाई ओढ्यापलीकडची. विधवा, शिंदीचे झाडू बांधून विकायची, बाळंतपणं करायची. दवाखान्यात ती झाडलोट करायला होती. हत्तीबाईंनी तिला पहिल्या आठवड्यात टेबलाच्या या बाजूला घेतलं, हात उकळत्या पाण्यानं धुवायला शिकवलं, आणि बाळंतिणींना तपासताना तिला विचारायला लागल्या. गाता मात्र हत्तीबाईंना अजिबात यायचं नाही. चर्चमध्ये त्यांचा बेसूर आवाज सगळ्यांच्या वर निघायचा आणि योना तोंडात रुमाल कोंबायचा.

मायनं त्यांना एकदा जेवायला बोलावलं. बोलवावं की नाही यावर तिनं दोन आठवडे काढले होते. साहेब लोक आमच्याकडं चहा घ्यायचे, जेवायचे नाहीत. ही बाई साहेबांत धरायची की कशात, हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी भाकरी वाढताना तिनं मला सांगितलं, विचार, त्यांची जात काय. मी लाजेनं विचारेना, तर हत्तीबाईंनाच ते कळलं. त्यांनी खाली मान घालून, शब्द शोधत शोधत सांगितलं. त्यांच्या आजीच्या आईला बाजारात विकलं होतं, बैलासारखं, दात बघून. विकणारेही ख्रिस्ती होते आणि घेणारेही. आजी चर्चला जायची तेव्हा खाली गोरे बसायचे आणि हे लोक वर माळ्यावर.

“आन् प्रभुभोजन?” अप्पांनी विचारलं.

“आधी ते,” हत्तीबाई म्हणाल्या. “ते झाले की मग आम्ही.”

“तिथं बी?”

“होय. तिथे पण. म्हणून आजोबांच्या लोकांनी आपले निराळे चर्च बांधले.”

अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. मला तेव्हा वाटलं त्यांना दया आली. आज, त्यांच्यापेक्षा जास्त वयाची झाल्यावर, मला वाटतं ते घाबरले होते. धर्म जिथून आला त्या देशात हे नसणार, या एका भरवशावर ते इतकी वर्षं बाकीचं हळूहळू होईल म्हणत आले होते.  मायनं आता सरळ त्यांनाच विचारलं, “मंग तुमी लोकांनी ह्यो धर्म कामून न्हाई सोडला?” हत्तीबाईंना प्रश्न दोनदा सांगावा लागला. “येशू त्यांचा नाही, बाई,” त्या म्हणाल्या. मायनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली, पण ते उत्तर तिला पटलं नाही, हे तिच्या वाढण्यावरून मला कळलं.

पावसाळा सरता सरता माझं दृढीकरण झालं, म्हणजे मी आता प्रभुभोजनाला पात्र झाले. मायनं स्वतःच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीतून मला परकर-पोलकं शिवलं. त्या रविवारी चोथा एकट्या योनाला मिळाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून अप्पा म्हणाले, आज तुला माझ्या हातनं मिळणार. ते फार कमी हसायचे. त्या दिवशी हसले. चर्च भरलं होतं. मी डाव्या बाजूला, मायच्या शेजारी, पुढून दुसऱ्या चटईवर बसले होते. साहेबांनी भाकर मोडली, प्रार्थना म्हटली. साहेब आणि मडम कठड्याशी गुडघे टेकून बसले आणि साहेबांनी वळून हत्तीबाईंना खूण केली. आधीच्या प्रभुभोजनाला त्या मडमच्या शेजारी बसल्या होत्या. त्या दिवशी त्या उठल्या, पण पुढं न जाता मागं, दाराकडं गेल्या. उजव्या चटईवरून त्यांनी सखूबाईला उठवलं. सखूबाई उठायला तयार नव्हती, मला दिसत होतं, ती पदर तोंडाला लावून मान हलवत होती. हत्तीबाईंनी तिचा हात सोडला नाही. दोघी मधल्या वाटेनं चालत आल्या आणि मडमच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या.

अप्पांच्या हातात प्याला होता. ते एक क्षण तसेच उभे राहिले. मग त्यांनी साहेबांना दिला, मडमना दिला, हत्तीबाईंना दिला, आणि सखूबाईच्या ओठांना लावला. मग फडक्यानं कड पुसली, जशी ते दर वेळी पुसायचे, आणि स्वतः प्यायले. त्यांनी आमच्या चटयांकडं तोंड केलं आणि नेहमीचे शब्द म्हटले, की प्रभूच्या मेजाकडं या.

कुणी उठलं नाही. दावीदअण्णा पहिल्या चटईवर मांडी घालून बसले होते, डोळे मिटून. त्यांच्या मागचे सगळे तसेच. बाहेर लिंबावर कावळे ओरडत होते, तेवढाच आवाज. अप्पांनी पुन्हा म्हटलं, या. मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझा पहिला दिवस होता, मी उठणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी उठले तर मागून चार पोरं तरी उठली असती. मी गुडघा वर घेतलाही होता. मायनं माझं मनगट धरलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती, ओठ हलत होते. मी कैक वर्षं स्वतःला सांगत आले की मायनं मला धरून ठेवलं. पण मी आडावरून दोन घागरी आणणारी पोर होते, आणि मायची पकड इतकी घट्ट नव्हती. मी हात ओढला असता तर सुटला असता. मी ओढला नाही. अप्पा माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी मान खाली घातली आणि प्याला घेऊन ते उजव्या बाजूच्या लोकांकडं गेले.

त्या संध्याकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात बैठक झाली. तिथं काय झालं ते अप्पांनी मायला सांगितलं आणि मी चुलीपाशी बसून ऐकलं. साहेबांना वाईट वाटलं होतं. हत्तीबाईंचं मन चांगलं आहे पण त्यांना हा देश कळत नाही, असं ते म्हणाले. साहेबांना तरी स्वतःचा देश कळतो का, असं तिथं कुणी विचारलं नाही. दावीदअण्णांना आज वाईट ठरवणं सोपं आहे. त्यांचा थोरला मुलगा हुशार होता. नव्या सरकारात मागास जातींच्या पोरांना शिष्यवृत्ती मिळायला लागली, पण कागदावर ख्रिस्ती लिहिलं म्हणून त्याला नाकारली होती. आमच्या बाजूची चार घरं परत हिंदू लिहून घ्यायच्या गोष्टी करत होती. अण्णा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले होते, “साहेब, धर्म घेऊन आमाला काय मिळालं? गावानं आमाला न्हाई वर घेतलं, सरकारनं बी सोडलं. कुणाच्या तरी म्होरं बसायची येक पायरी तेवढी व्हती. ती बी ही बाई काढून घ्यायलीय.” अप्पा हे सांगत होते तेव्हा मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली की अण्णा खोटं काय बोलले. 

तोड साहेबांनी काढली. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये आता प्रत्येकाला वेगळी काचेची पेली देतात, बोटभर उंचीची, लाकडी ताटात भोकं असतात त्यात बसवलेली. ताट चटयांवरून फिरवायचं, कुणी उठायला नको, कुणाच्या मागं कुणी प्यायला नको. कारण सांगायचं आरोग्याचं. आणि हे कारण मंडळीला नर्सनं सांगितलं तर उत्तम. साहेबांनी हत्तीबाईंना तसं सांगितलं, आणि त्या नाही म्हणाल्या. सखूबाई तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर होती. तिनं ऐकलं ते सगळ्यांना सांगितलं, की मिसबाई म्हणाल्या, या बाईच्या ओठांत रोग नाही, मी तिला तपासलं आहे. तीन आठवड्यांनी वरून पत्र आलं की हत्तीबाईंनी मायदेशी परतावं. तब्येतीचं कारण लिहिलं होतं. त्या आल्यापासून त्यांना एकदाही ताप आलेला मी पाहिला नव्हता.

नर्स नाही म्हटल्यावर कारण सांगायचं काम अप्पांकडं आलं. साहेबांनी त्यांना बोलावलं, आणि त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात, असंही सांगितलं की मार्थाची, म्हणजे माझी, मुलींच्या बोर्डिंगमधली जागा नक्की झाली आहे, जूनपासून. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या का, ते मला आजही ठाऊक नाही. साहेबांनी तसं म्हटलं नसेल. त्यांची म्हणायची पद्धतच नव्हती. अप्पांनीही कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, पुढं मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, माझ्या लेकी शिकल्या. त्या सगळ्याच्या मुळाशी तो व्हरांडा आहे की नाही, हे विचारायची हिंमत अप्पा जिवंत असेपर्यंत मला झाली नाही, आणि आता उत्तर द्यायला कुणी नाही.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी अप्पांनी कागद वाचला. एरवी ते हातात कागद न घेता बोलायचे. रोगराईचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी, असे शब्द होते, ते अप्पांचे नव्हते. मग माझं पहिलं प्रभुभोजन झालं. ताट माझ्यापुढं आलं, मी पेली उचलली, एका घोटात संपली. अप्पा ताट घेऊन पुढं सरकले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही, किंवा मीच बघितलं नसेल. ताट दाराजवळ पोचलं तेव्हा सखूबाईनं पेली घेतली, प्यायली आणि जागच्या जागी नीट ठेवली. हत्तीबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी ताट पुढं जाऊ दिलं.

त्यांना निरोप द्यायला तोरणं नव्हती. साहेब दौऱ्यावर होते, जीप नव्हती. अप्पांनी बैलगाडी जुंपली, मी मागं सामानापाशी बसले, आणि सखूबाई गाडीच्या मागून चालत आली. चढ म्हटलं तरी चढली नाही. दोन कोसांची वाट. करडईची रानं फुलली होती, थंडी पडली होती. निम्म्या वाटेवर हत्तीबाईंनी अप्पांना विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

“पाळकसाहेब, आपण का बोलला नाहीत?”

अप्पांनी बैलांकडं बघतच उत्तर दिलं. “मिस, तुमी जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय.”

“होय,” हत्तीबाई म्हणाल्या.  स्टेशनात आगगाडी आली तेव्हा त्यांनी सखूबाईला मिठी मारली. सखूबाईला मिठी मारायची सवय नव्हती, ती काठीसारखी उभी राहिली आणि गाडी हलल्यावर फलाटावर खाली बसली. माझ्या गालाला त्यांनी हात लावला. अप्पांनी दोन्ही हात जोडले. मी काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते, माफी मागायला मराठीत पुस्तकी शब्द कोणता हे आठवत होते, तोवर डबा पुढं गेला.

जूनमध्ये मी बोर्डिंगला गेले. दिवाळीच्या सुट्टीत आले तर सखूबाई चर्चला येत नाही असं कळलं. भांडण नाही, काही नाही. रविवारी घंटा व्हायची तेव्हा ती आपल्या दारात बसून झाडू बांधायची. अप्पा दोनदा तिच्याकडं जाऊन आले होते. तिनं त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी पुढं केलं, ते ते प्यायले, आणि ती पुन्हा आली नाही.

त्या सुट्टीतच परदेशी तिकिटांचं पत्र आलं. हत्तीबाईंनी मराठीत लिहिलं होतं, मोठ्या, मुलासारख्या अक्षरात, काना-मात्रा चुकलेल्या. त्यांच्या गावी यंदा बर्फ लवकर पडला आहे. त्या आता काळ्या लोकांच्या इस्पितळात काम करतात. मंडळी कशी आहे, मार्था शिकते का, आणि सखूबाई कशा आहेत. ‘सखूबाई कशा आहेत’ हे त्यांनी दोनदा लिहिलं होतं, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. अप्पांनी पत्र दिवसभर सदऱ्याच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणं झाल्यावर त्यांनी मला दारातल्या उजेडात बसवलं, मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद दिला, आणि ते सांगायला लागले. प्रभूच्या कृपेनं सर्व ठीक आहे. पाऊस यंदा बरा झाला. मंडळी वाढत आहे. मार्था वर्गात दुसरी आली. मग ते थांबले. समोर ओढ्याकडची वाट होती, तिकडं बघत राहिले. मी कागदावरून मान वर न करता विचारलं, “अप्पा, सखूबाईचं काय लिव्हू?”

 आत माय भांडी घासत होती, तिचा हात थांबल्याचं मला कळलं.

“लिव्ह,” अप्पा म्हणाले. “सखूबाई बरी हाय. दर आइतवारी चर्चला येती. तुमास्नी सलाम सांगितलाय.”

मी लिहिलं. बोर्डिंगात शिकवलं होतं तसं शुद्ध करून, ‘सखूबाई दर रविवारी उपासनेस उपस्थित असतात’ असं लिहिलं, आणि अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, अक्षर चांगलं झालंय तुझं.